स्लॉट कारचं अडकलेलं चाक ॲक्सलवरून कसं काढावं

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत अडकून विजेवर धावणारी छोटी मॉडेल गाडी. तिचं चाक निघत नाही म्हटल्यावर पहिला हात पकडीकडे जातो. एका पकडीत चाक, दुसऱ्या पकडीत ॲक्सल, आणि दात-ओठ खाऊन ओढायचं. यातून निष्पन्न होतं ते असं: रिमला दातांचे व्रण पडतात, ॲक्सल केसभर वाकतो आणि चाक जागचं हलत नाही. वाकलेला ॲक्सल डोळ्यांना दिसत नाही, पण ट्रॅकवर गाडी सरळ पट्ट्यातही थरथरायला लागली की कळतं.

चाक काढणं हे ताकदीचं काम नाही. चाक नेमकं कशाने धरून ठेवलंय हे आधी ओळखायचं, आणि चाक व ॲक्सल यांपैकी काय वाचवायचं आहे ते ठरवायचं. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर जवळजवळ नेहमी ‘चाक’ असंच असतं. ॲक्सल म्हणजे पोलादाची सरळ कांडी, नवी सहज मिळते. साठच्या दशकातल्या गाडीचं मूळ चाक मात्र फुटलं की फुटलं. त्यामुळे कोणाचा तरी बळी द्यायची वेळ आलीच तर तो ॲक्सलचा.

आधी ओळख पटवा

या छंदात चाकं बसवण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या चाकांची. स्केलेक्स्ट्रिक, करेरा अशा खोक्यातून थेट ट्रॅकवर येणाऱ्या गाड्यांमध्ये बहुधा हीच असते. ॲक्सलच्या टोकाला बारीक उभ्या रेघा पाडलेल्या असतात आणि चाकाचं भोक किंचित कमी मापाचं. स्क्रू नाही, नट नाही. प्लॅस्टिक त्या रेघांना आवळून बसतं, एवढंच.

दुसरी ग्रब स्क्रूची. स्लॉट-इट, एनएसआर या इटालियन कंपन्यांची ॲल्युमिनियमची चाकं अशी असतात. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या, ॲक्सल बसणाऱ्या भागाच्या बाजूला एक बारीक भोक, त्यात बिनडोक्याचा स्क्रू आणि तो आतून ॲक्सलला टेकलेला.

तिसरी आट्यांची. साठच्या दशकातल्या अनेक अमेरिकन १/२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या) गाड्यांमध्ये ॲक्सल १/८ इंचाचा, म्हणजे ३.१७५ मिमी, आणि टोकांना आटे पाडलेले. चाक त्यावर चक्क फिरवून बसवलेलं. असं चाक ओढून काढायला गेलात तर आटे गेलेच म्हणून समजा.

१/३२ मापात सर्वांत जास्त आढळणारा ॲक्सल ३/३२ इंचाचा, म्हणजे २.३८ मिमी. स्वस्तातला डिजिटल कॅलिपर जवळ असेल तर आधी माप घ्या. पुढची हत्यारं त्यावर ठरतात.

शिवाय या तिन्ही पद्धतींवर गंज किंवा आधीच्या मालकाने ओतलेला सुपरग्लू असू शकतो. जुनी गाडी हातात आली की हबच्या आतल्या कडेला भिंग लावून बघा. पांढुरका, काचेसारखा थर दिसला तर तो गोंद, तपकिरी भुकटी दिसली तर गंज. निळा किंवा लाल डाग ग्रब स्क्रूच्या भोकाशी असेल तर कोणीतरी थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांत लावायचा गोंद, वापरलंय.

गाडीतून ॲक्सल बाहेर काढा

चाक गाडीवर ठेवूनच झटापट करू नका. बॉडी उघडली की बऱ्याच १/३२ गाड्यांमध्ये मागचा ॲक्सल बुशांसकट (ॲक्सल ज्यांत फिरतो त्या बारीक कड्यांसकट) चासीच्या खाचांतून टिचकन वर येतो. अंगठ्याने बुशाजवळ, दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाब द्या. मधल्या गियरला धरून उचकटलंत तर गियर सरकतो. खाचेची प्लॅस्टिकची ओठी जुनी असेल तर ती तडकू शकते, म्हणून चासी आधी थोडा वेळ खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडीतल्या पोटमाळ्यावरून काढलेली गाडी तशीच उघडू नये.

मग टायर उतरवा. रबराचा टायर बोटाने एका बाजूला ताणून निघतो. फोमचा टायर मात्र रिमला चिकटवलेला असतो, तो काढायच्या फंदात पडू नका. फक्त लक्षात ठेवा की फोम असेल तर तेल आणि उष्णता दोन्ही वर्ज्य. फोम तेल पितो आणि मग त्या टायरची पकड कायमची जाते.

प्लॅस्टिकच्या चाकाच्या तोंडावर नक्षीची चकती असते, तिला इन्सर्ट म्हणतात. कटरच्या पात्याचं टोक कडेत घालून तीन-चार ठिकाणी थोडं-थोडं उचला. एकाच जागी जोर दिलात तर आरे तुटतात. चकती निघाल्यावर ॲक्सलचं टोक दिसलं तर उत्तम. काही चाकं तोंडाकडून बंद असतात; तिथे आत ॲक्सल आहे पण दिसत नाही. अशा चाकाच्या मध्यावर हातात धरायच्या ड्रिलने २ मिमीचं भोक पाडायचं आणि पोलाद लागलं की थांबायचं. चकती परत बसवली की भोक झाकलं जातं.

दाबून बसवलेलं चाक: ओढू नका, ढकला

यासाठी दोनच वस्तू लागतात, आणि दोन्ही घरी होतात.

एक खाचेची पट्टी. २-३ मिमी जाडीची पितळी किंवा लोखंडी पट्टी घ्या, दोन बोटं रुंद. एका कडेतून आत हॅकसॉने दोन समांतर काप द्या आणि मधला तुकडा काढून बारीक कानशीने खाच २.५ मिमी रुंद करा. २.३८ चा ॲक्सल त्यात सैल बसला पाहिजे, पण हब खाली घसरता कामा नये. खाचेच्या कडा वरून गुळगुळीत करा, नाहीतर हबवर ओरखडे पडतील.

दुसरी वस्तू पंच. २ मिमीच्या ड्रिल बिटचं मागचं, गुळगुळीत टोक यासाठी झकास. बिट उलटा धरायचा, टोक तेलदगडावर सपाट करून घ्यायचं आणि धारेच्या बाजूला जाड कापड गुंडाळायचं.

हत्यारं विकत घ्यायची असतील तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बारीक पंच, ॲलन की, डायमंड कानशी अशा गोष्टी मिळतात. घड्याळजींना माल पुरवणाऱ्या दुकानांतही चक्कर मारा, तिथले पंच या कामाला मापाचे असतात. स्लॉट कारचा तयार व्हील पुलर परदेशातून मागवता येतो. एचओ मापाच्या चिमुकल्या गाड्यांसाठी तो घ्यावाच असं माझं मत आहे, कारण दीड मिमीच्या आसपासच्या ॲक्सलवर पट्टी-पंचाचा नेम धरणं कठीण. १/३२ ला मात्र पट्टी पुरते.

आता कृती:

१. व्हाइसचे जबडे इतके उघडा की खालचं दुसरं चाक मधल्या जागेत मोकळं लटकेल. जबड्यांवर खाचेची पट्टी आडवी ठेवा.

२. ॲक्सल खाचेत सरकवा. काढायचं चाक पट्टीच्या वर, तोंड आकाशाकडे. बुश आणि गियर पट्टीच्या खाली.

३. हब पट्टीला टेकलंय की रिमची कड टेकलीय, हे वाकून बघा. सगळ्यात महत्त्वाचं बघायचं ते हेच. बऱ्याच चाकांत हब रिमपेक्षा आत दबलेलं असतं. तसं असेल तर एका वॉशरला खाच पाडून तो हबखाली सारा. रिमच्या कडेवर भार आला तर चाक बशीसारखं पसरतं आणि परत गोल होत नाही.

४. पंच ॲक्सलच्या टोकावर अगदी उभा धरा. लहान हातोडीने हलके ठोके द्या, पाच-सहा ठोक्यांनंतर थांबून बघा. ॲक्सल अर्धा मिमी जरी खाली गेला असेल तरी जिंकलात, पुढचं सोपं असतं.

५. शेवटच्या ठोक्याला ॲक्सल खाली पडतो. खाली फडकं अंथरलेलं असू द्या, नाहीतर गियर आपटून दात जातो.

घरात बेंच ड्रिल असेल तर हातोडीपेक्षा ते चांगलं: प्लग काढून ठेवा, पंच चकमध्ये घट्ट धरा आणि हँडल दाबून त्याचा प्रेससारखा वापर करा. दाब सरळ जातो आणि धक्का बसत नाही. जुनं प्लॅस्टिक दाब सहन करतं, धक्का सोसत नाही.

तरीही हललं नाही तर गरम पाणी. उकळतं नको, ६०-७० अंश पुरे, कारण ही चाकं ज्या प्लॅस्टिकची असतात ती शंभरीच्या आसपास मऊ पडायला लागतात. चाक मिनिटभर बुडवा आणि लगेच पट्टीवर घेऊन ठोका. प्लॅस्टिक पोलादाच्या कितीतरी पट जास्त फुगतं, त्यामुळे २.३८ मिमीच्या भोकात शतांश मिलिमीटरच्या जवळपास फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण दाबून बसवलेल्या जोडात तेवढ्याने काम होतं.

ॲक्सलच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावून चाक ‘वितळवून’ काढायची युक्तीही लोक सांगतात. चाक निघतं, यात शंका नाही. पण भोक आतून ओघळतं आणि ते चाक पुन्हा कधीच नीट मध्यावर बसत नाही. चाक टाकूनच द्यायचं असेल तेव्हा खुशाल करा.

ग्रब स्क्रू सैल केला, तरी चाक येत नाही

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. स्क्रू सैल आहे, चाक ॲक्सलवर थोडं फिरतंही आहे, पण बाहेर येत नाही. साहजिकच वाटतं की अजून ओढायला हवं.

होतं असं की स्क्रूचं टोक ॲक्सलमध्ये रुतून खळगा पाडतं, आणि त्या खळग्याभोवती धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. चाकाचं भोक आणि ॲक्सल यांच्यातली मोकळीक इतकी कमी असते की तेवढा कंगोरा चाकाला अडवायला पुरतो. बाहेर ओढाल तसा तो ॲल्युमिनियमच्या भोकात आणखी घुसतो आणि आतून चर पाडतो. म्हणून उलटं करायचं: चाक आधी आत ढकला.

स्क्रू पूर्ण काढून बाजूला ठेवा, डबीत. टेबलावर ठेवलेला एम२ चा (२ मिमी जाडीचा) ग्रब स्क्रू कोणाला परत सापडल्याचं ऐकिवात नाही. मग चाक गाडीच्या मध्याकडे तीन-चार मिमी सरकवा. आत बुश किंवा स्पेसर आडवा येत असेल तर स्पेसर काढा किंवा अख्खा ॲक्सल दुसऱ्या बाजूला सरकवून जागा करा. स्क्रू हबच्या तोंडाकडच्या बाजूला असेल तर आत जाताना कंगोरा कमी अंतर घासतो. खळगा उघडा पडला की झालं. अगदी उलट रचना असेल, म्हणजे खळगा हबच्या आतल्या कडेजवळ असेल, तर जी बाजू जवळची त्या बाजूने जायचं. नियम एवढाच की कंगोऱ्याला भोकातून कमीत कमी प्रवास करू द्यायचा.

खळगा दिसला की कंगोरा डायमंड कानशीने उतरवा. साधी कानस कडक केलेल्या ॲक्सलवर नुसती घसरते. त्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवा, भुकटी पुसा, नखाने चाचपा. नख अडकलं नाही तर चाक आता बोटांनी बाहेर येईल.

दुसरं चाक न काढता ॲक्सल बुशांतून खेचून घ्यायचा मोह होईल. कंगोरा काढल्याशिवाय ॲक्सल बुशातून कधीच ओढू नका. पितळी बुश एका फटक्यात खरवडतो आणि मग चाक सुटलं पण बुश बदलायचा, असं होऊन बसतं.

स्क्रूच फिरत नाही

आधी ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) तपासा. एम२ च्या ग्रब स्क्रूला ०.९ मिमीची ॲलन की लागते, एम२.५ ला १.३ मिमी, एम३ ला १.५ मिमी. अमेरिकन चाकांत मात्र ४-४० आट्यांचा स्क्रू असतो आणि त्याची की ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. ५-४० असेल तर १/१६ इंच, म्हणजे १.५९ मिमी. त्यात १.५ ची की घातली तर ती बसल्यासारखी वाटते, फिरवली की कोपरे खाते. अर्ध्याहून अधिक ‘जाम झालेले’ स्क्रू हे चुकीच्या किंवा झिजलेल्या कीचे बळी असतात, असा माझा अंदाज आहे. कीचं टोक गोल झालं असेल तर दगडावर ते मिलिमीटरभर घासून काढा, मध्ये पाण्यात बुडवत. खालचे कोपरे कोरे निघतात आणि की नवी होते. स्क्रूच्या खड्ड्यात साचलेली धूळ-तेलाची माती सुईने उकरा, की पूर्ण आत गेली पाहिजे.

थ्रेडलॉकरची शंका असेल तर उष्णता. बारीक बिटचं सोल्डरिंग आयर्न थेट स्क्रूच्या खड्ड्यात अर्धं मिनिट टेकवा आणि गरम असतानाच की घालून फिरवा. निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर यात बहुधा सोडतं. लाल प्रकारच्या थ्रेडलॉकरला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ॲल्युमिनियमचा रिम ते सोसतो, जवळचा प्लॅस्टिकचा गियर सोसत नाही, तेव्हा ओल्या फडक्याने ॲक्सल गुंडाळा. उष्णतेने ॲल्युमिनियम फुगून चाक सुटेल या भरवशावर मात्र राहू नका. शंभर अंश तापवलं तरी ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या फुगण्यातला फरक या मापाच्या भोकात तीन मायक्रॉनही होत नाही. इथे उष्णतेचा उपयोग गोंद मऊ करण्यापुरताच.

खड्डा पूर्ण गोल झाला असेल तर किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलक्या हाताने ठोकून बसवा आणि फिरवा. तेही जमलं नाही तर १.५ मिमीच्या कोबाल्ट ड्रिलने स्क्रू पोखरा. एम२ च्या आट्यांचं मूळ भोक १.६ मिमी असतं, म्हणजे मध्यावर राहिलात तर आटे वाचतात. नेम चुकला तर जात नाहीत असं नाही.

गोंद आणि गंज

सुपरग्लूवर ॲसिटोन चालतं, पण चाक कशाचं आहे त्यावर. ॲल्युमिनियमला काही होत नाही, नायलॉनही तगतं. एबीएस किंवा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचं चाक मात्र विरघळायला लागतं. नक्की माहीत नसेल तर चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी काडीने एक थेंब लावून मिनिटभराने नख घासा. चिकट लागलं तर तो मार्ग बंद. घरातल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेलच असं नाही, बाटलीवर वाचा. खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी तापलेलं सोल्डरिंग आयर्न नको.

ॲसिटोन चालत नसेल तर सुपरग्लूचा कच्चेपणा वापरा: तो ओढायला भक्कम पण धक्क्याला ठिसूळ असतो. वर सांगितलेल्या पट्टीवरच, छोटे कडक ठोके. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की जोड सुटला.

गंजाला वेळ द्यावा लागतो. ॲक्सल उभा करून हबच्या तोंडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी उलटा करून दुसऱ्या बाजूने. घाई असणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या चाकांना व्हिनेगरमध्ये ठेवायला हरकत नाही, पण ॲल्युमिनियमला व्हिनेगर खातं. काम झाल्यावर तेलाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच टायर चढवा.

आट्यांची चाकं

दोन्ही टोकांना सरळ, उजवे आटे असतात, त्यामुळे प्रत्येक चाक बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवून सुटतं. बाहेरून लॉकनट असेल तर तो आधी काढा. दोन्ही चाकं हातात धरून उलट-सुलट पिळली की जे सैल आहे ते आधी येतं. खरी पंचाईत दुसऱ्या चाकाची, कारण आता ॲक्सल धरायला जागा नाही. मोकळ्या झालेल्या आट्यांवर ५-४० चे दोन नट चढवा, एकमेकांवर आवळून लॉक करा आणि आतल्या नटाला पाना लावून ॲक्सल स्थिर धरा. पक्कड लावायची गरज उरत नाही.

एक इशारा: त्या काळातली काही चाकं मॅग्नेशियमची आहेत. हाताला विलक्षण हलकी लागतात आणि करड्या रंगाची पांढरट बुरशी धरतात. त्यांच्याजवळ ज्योतीचा ब्लोटॉर्च, ग्राइंडर काही नको. मॅग्नेशियमचा कीस पेटतो, आणि त्यावर पाणी ओतलं तर आणखी भडकतो.

काहीच चाललं नाही तर

ॲक्सल कापा. रोटरी टूलला पातळ कटिंग डिस्क लावा, चष्मा घाला, आणि ॲक्सल दोन चाकांच्या मध्ये, गियरपासून जमेल तितका दूर कापा. दोन-तीन सेकंद कापायचं, थांबायचं, बोट लावून किती तापलंय ते बघायचं. सलग कापलंत तर उष्णता पोलादातून थेट गियर आणि हबपर्यंत जाते आणि ज्या चाकासाठी हा खटाटोप चाललाय तेच मऊ पडतं. कापल्यावर बुश काढण्याआधी कापलेल्या टोकाची कड घासून घ्या.

आता प्रत्येक चाकात एक आखूड खुंटी उरली. पट्टीवर ठेवून ती पंचाने ठोकणं फार सोपं जातं, कारण खाली दुसरं चाक लटकत नाही आणि नेम सरळ लागतो. गोल झालेला ग्रब स्क्रूही अनेकदा इथेच हरतो: खुंटी ठोकून काढली की त्याला आतून आधार राहत नाही आणि की किंवा सुईने तो फिरवता येतो.

परत बसवताना

नव्या ॲक्सलवर जिथे ग्रब स्क्रू येणार तिथे डायमंड कानशीने छोटा सपाट भाग करून ठेवा. स्क्रू त्यावर टेकला की कंगोरा उठला तरी तो ॲक्सलच्या गोलाईच्या बाहेर येत नाही आणि पुढच्या वेळी चाक बोटांनी निघतं. हे काम दोन मिनिटांचं आहे, तरी फारच थोडे लोक करतात. स्क्रू आवळताना की लांब बाजूने आत घालून आखूड बाजू बोटात धरा; एवढीच तरफ पुरे. थ्रेडलॉकर लावायचंच असेल तर निळं, काडीच्या टोकाएवढं.

दाबून बसवलेलं प्लॅस्टिकचं चाक परतताना सैल वाटलं तर जुन्या रेघांवर न बसवता ॲक्सल थोडा फिरवून कोऱ्या प्लॅस्टिकवर दाबा. तरी सैलच असेल तर भोकात सुपरग्लू ओतू नका. ॲक्सलचं टोक दोन कानशींमध्ये ठेवून दाब देत लाटा, नवे बारीक उंचवटे उठतात आणि चाक घट्ट बसतं.

चाकं बसल्यावर ॲक्सल आडवा हलवून बघा. बाजूची मोकळीक पाव मिलिमीटरच्या आसपास असू द्या. बुश आणि हब यांच्यामध्ये कागदाचे दोन थर घालून चाक दाबलं आणि मग कागद ओढून घेतला की बहुतेक तेवढीच राहते.